काळ्या मातीत भाजीपाल्याचे उंच वाफे: खानदेशात किती उंच करावेत?

मेहरूणचं_बोर (९ एप्रिल, रात्री १०:१२)

रामराम मंडळी. जळगावात शिरसोली रोडकडे घर बांधून झालं. मागे साधारण २० बाय ३० फुटांची जागा मोकळी आहे. माती अस्सल काळी. गेल्या पावसाळ्यात तिथून चालताना पाय पुढे यायचा आणि चप्पल मागे राहायची. आत्ता भेगा अशा पडल्यात की शाळेतली पट्टी उभी घातली तर अर्धी आत जाते. त्यात बांधकामवाल्यांनी माल कालवायची जागा तिथेच केली होती, त्यामुळे एका कोपऱ्यात खडी आणि सिमेंटचा थर आहे.

आईला भाजीपाला लावायचाय. तिचे गुडघे दुखतात, उकिडवं बसायला डॉक्टरांनी मनाई केलीय. म्हणून इंटरनेटवर बघून अडीच फूट उंच लाकडी पेट्या करायच्या मनात आहेत. चार पेट्या, प्रत्येकी ८ बाय ४. सुतार सागवानाशिवाय बोलत नाही आणि त्याने आकडा सांगितल्यावर मी विषय बदलला.

आईची यादी: भरताची वांगी (ती नसतील तर बाकी काही नको, असं तिचं म्हणणं), मेथी, पालक, पोकळा, कांद्याची पात, मिरची, टोमॅटो आणि कुंपणावर गिलकी (घोसाळी).

उंची किती ठेवू, कडा कशाच्या करू, आत काय भरू आणि पाणी कसं देऊ? जाणकारांनी लिहा. पावसाच्या आधी काम उरकायचंय.

गिरणाकाठ (९ एप्रिल, रात्री १०:४०)

भाऊ, याला गादीवाफा म्हणतात. कांद्याचं, मिरचीचं रोप आम्ही दरसाल गादीवाफ्यावरच टाकतो. मीटरभर रुंद, तीन मीटर लांब, वीतभर उंच. दोरी, फावडं आणि घमेलं, झालं काम. सागवान कशाला? आणि अडीच फूट म्हणजे वाफा करताय की समाधी?

भुसावळ_जंक्शन (१० एप्रिल, सकाळी ७:०५)

लाकूडच पाहिजे असेल तर रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर बघा. भंगारात मिळून जातात. आमच्या क्वार्टरच्या गल्लीत लोकांनी बाकडी केलीत त्याची, वर्षानुवर्षं हलत नाहीत. वाळवी तर वाऱ्यालाही उभी राहत नाही.

माती_मास्तर (१० एप्रिल, सकाळी ११:३०)

@भुसावळ_जंक्शन, वाळवी उभी राहत नाही तेच कारण आहे स्लीपर न वापरण्याचं. ते लाकूड क्रिओसोट पाजलेलं असतं. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल आहे ते. उन्हात तापलं की पाझरतं, मातीत उतरतं, हाताला लागलं तर कातडी भाजते. बाकड्याचं बघा तुमचं तुम्ही, पण ज्या मातीतली मेथी खायची तिच्या कडेला ते नकोच.

@मेहरूणचं_बोर, आता उंचीचं. जरा लांबण लागेल, पण सगळा धागा त्यावरच उभा आहे.

तुम्ही पाहिलेल्या उंच पेट्या थंड मुलखातल्या असणार. तिथे वसंत आला तरी जमीन गार आणि ओली असते. वाफा उचलला की माती लवकर तापते, लवकर निथळते आणि पेरणी आधी करता येते. म्हणजे तिथे उंची हवी असते माती तापवायला. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. माती तापवायची इच्छा इथे कोणाला असणार? अडीच फुटी पेटीला वरून ऊन, चारही बाजूंनी ऊन. पश्चिमेकडची कड तर दुपारी चारला हात लावू देत नाही. कडेलगतची मुळं शिजतात आणि पाणी दिलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये गोष्ट नेमकी उलटी. काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्या भेगा आणि छिद्रं बुजतात, पुढचं पाणी मुरत नाही. मुळांना हवा मिळत नाही, मग मिरची आणि टोमॅटो पिवळे पडून बसतात, वांग्याला मर लागते. अशा वेळी मुळांचा वरचा फूटभर भाग पाण्याच्या वर असला तरी पीक वाचतं.

तेव्हा उंची पाहिजे ती पावसाळ्यापुरती, आणि उन्हाळ्यात तीच नडते. माझ्या मते ९ इंच ते १ फूट. त्याच्या वर जायचं तर कारण पाहिजे. आईचे गुडघे हे कारण आहे, मान्य, पण त्यासाठी चारही वाफे उचलायची गरज नाही.

तळ उघडा ठेवा. प्लॅस्टिक अंथरू नका. आणि तळाला खडीचा थर देऊ नका, निचरा होईल अशी समजूत आहे म्हणून आधीच सांगतो. बारीक मातीतून पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते वरच अडून राहतं. खडीने फक्त मुळांची जागा खाल्ली जाते.

अमळनेरी_अभियंता (१० एप्रिल, दुपारी २:१८)

मास्तरांना अनुमोदन. कडांबद्दल लिहितो, तो माझा प्रांत.

काळ्या मातीवर थेट सिमेंटात विटांची भिंत उभी केलीत तर दोन उन्हाळ्यांत तिला उभी चीर जाणार. माती पावसात फुगून भिंत उचलते, उन्हात आकसून तिच्या खालून सरकते. घराच्या पायाला आपण मुरूम लागेपर्यंत खोदतो ते उगाच नाही. वाफ्यासाठी एवढं करायचं नाही. कडेच्या रेषेत नऊ इंच रुंद, सहा इंच खोल चर घ्या, त्यात मुरूम भरून पाणी मारून ठोका आणि त्यावर विटा कोरड्या रचा, सांधे मोडून, म्हणजे खालच्या सांध्यावर वरची अख्खी वीट येईल अशा. माती हलली की विटाही थोड्या हलतात. दरसाल पावसाळा संपला की चार विटा नीट बसवायच्या, एवढंच.

हिशेब: ८ बाय ३ च्या वाफ्याचा घेर २२ फूट. नऊ इंची वीट आडवी ठेवली तर एका थराला साधारण ३० विटा. वीट तीन इंच जाड, म्हणजे फूटभर उंचीला चार थर, १२० विटा. तुटफूट धरून १३० सांगा. रुंदी ४ नाही, ३ का घेतली ते मास्तर सांगतीलच.

शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडले तरी चालतात. एक तृतीयांश जमिनीत गेला पाहिजे, नाहीतर ओली माती बाहेर ढकलते. पत्रा नको, तापतो. जुने सिमेंटचे पत्रे कापून वापरायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कापू-फोडू नका.

चोपड्याचा_पुणेकर (१० एप्रिल, दुपारी ३:०२)

छान माहिती. हेच गच्चीवर केलं तर? पुण्यात जमीन कुठून आणू?

अमळनेरी_अभियंता (१० एप्रिल, दुपारी ३:२०)

नका करू. फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस फुटाला ४० ते ५० किलो भरतं. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे फुटाला चौदा-पंधरा किलोच्या हिशेबाने धरतात. कुंड्या ठेवा, त्याही तुळईच्या रेषेवर. वाफाच हवा असेल तर आधी स्ट्रक्चरलवाल्याला दाखवा. वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

साक्रीची_लेक (१० एप्रिल, रात्री ९:४४)

गुडघ्यांबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरी दोन म्हाताऱ्या आहेत आणि दोघींना बागेत जायचंच असतं.

दादा, उंच पेटी केली तर आई उभी राहून काम करील हे खरं, पण अर्धा तास उभं राहणं हेही गुडघ्यांना सोपं नसतं. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारासमोरचा एकच वाफा दीड फूट उंच आहे. त्याची कड नऊ इंच जाडीची, म्हणजे दोन विटा शेजारी-शेजारी, आणि वर गुळगुळीत फरशी बसवलीय. ओट्यासारखं त्यावर टेकायचं, कमरेतून थोडं वळायचं आणि मेथी खुडायची. सासूबाई तिथेच बसून भाजी निवडतात, देठं तिथेच वाफ्यात. दुपारनंतर घराची सावली पडते त्यामुळे फरशी तापत नाही. जागा निवडताना हे बघा, पश्चिमेच्या उन्हात असा ओटा बांधला तर संध्याकाळी सहापर्यंत त्यावर कोणी बसणार नाही.

त्या वाफ्यात आम्ही फक्त पालेभाज्या, कोथिंबीर आणि कांद्याची पात घेतो. रोज हात लागणारी भाजी जवळ आणि उंच. वांगी, मिरची, टोमॅटो लांबच्या बुटक्या वाफ्यांत, कारण ती झाडं स्वतःच कमरेएवढी होतात. त्यांच्यासाठी वाफा उंच केला तर वांगी तोडायला शिडी लागेल.

गिरणाकाठ (१० एप्रिल, रात्री १०:०१)

ताईंनी एका फटक्यात प्रश्न सोडवला. समाधी मागे घेतो. ओटा करा.

माती_मास्तर (११ एप्रिल, सकाळी ८:१५)

साक्रीच्या ताईंचा मुद्दा सोळा आणे. फक्त एवढंच, की दीड फूट उंचीला दोन विटांची भिंत रचायची तर ती कोरडी रचू नका. ओल्या मातीचा रेटा असतो आणि वर माणूस बसणार आहे. त्या एका वाफ्याला अभियंत्यांच्या सल्ल्याने पाया घ्या आणि खालच्या थरात पाणी निघायला भोकं ठेवा.

रुंदीचं राहिलं. दोन्ही बाजूंनी हात घालता येत असेल तर धडधाकट माणसाला ४ फूट चालतं. आईंना कडेला टेकवून हात पुढे करायला सांगा, न ताणता जिथे पोचतो तिथपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. बहुतेक तीन फूटच येईल. कुंपणाच्या भिंतीला लागून वाफा असेल तर हात एकाच बाजूने जातो, तिथे दीड-दोन फूटच. वाफ्यात पाय कधीच द्यायचा नाही. काळी माती ओली असताना एकदा दाबली गेली की सुकल्यावर तिचा दगड होतो, मग एवढा खटाटोप करून उपयोग काय?

मधल्या वाटा अडीच फूट ठेवा. आणि इथे महत्त्वाचं म्हणजे वाटेची वरची सहा इंच माती उचलून वाफ्यात टाका. माती विकत घ्यावी लागत नाही, वाट खोल होते, आणि पावसाळ्यात तीच वाट चर म्हणून काम करते. सगळ्या वाटांना एका कोपऱ्याकडे उतार द्या आणि तिथून पाणी बाहेर काढा. उतार न देता नुसते वाफे उंच केलेत तर सगळं पाणी वाटांत तुंबेल आणि आईंना वाफ्यापर्यंत पोचताच येणार नाही. वाटेत वर मुरूम टाका, चिखल होत नाही.

सिमेंट सांडलेला कोपरा पूर्ण खरवडून काढा. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास असतो, सिमेंटाच्या चुन्याने तो आणखी चढतो. मग मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसतात. त्या कोपऱ्यात वाफा नकोच, खताचा खड्डा करा.

भुसावळ_जंक्शन (११ एप्रिल, सकाळी ९:३०)

स्लीपर बाद, ठीक आहे मास्तर. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा आमच्याकडे भरपूर मिळतात, त्या तरी चालतील का? आणि राख मातीत मिसळली तर माती भुसभुशीत होते असं ऐकून आहे.

माती_मास्तर (११ एप्रिल, सकाळी १०:१०)

कडेला विटा चालतील. मापात असतात, रचायलाही बऱ्या. सुटी राख मात्र भाजीच्या मातीत घालू नका. चुलीची राख वेगळी आणि दगडी कोळशाची वेगळी. कोळशाच्या राखेत बोरॉन असतं, काही जड धातूही असतात. बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. चुलीची राखही आपल्या मातीत चिमटीनेच, कारण तीही सामू वाढवते.

तापीमाय (११ एप्रिल, दुपारी १२:४५)

मी थोडा वेगळा सूर लावतो. उंच वाफ्याचं एवढं कौतुक कशाला? आमच्या शहादा भागात उन्हाळी भाजी सपाट वाफ्यात किंवा आळ्यात घेतात, जमिनीच्या पातळीच्या खाली. पाणी साचून राहावं हाच हेतू. झाडाभोवती गारवा राहतो, ऊन लागतं ते फक्त वरून. वर्षातले चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे. चार महिन्यांसाठी आठ महिने जास्तीचं पाणी का पाजायचं?

माती_मास्तर (११ एप्रिल, दुपारी १:२०)

@तापीमाय, शहाद्याकडे तापीकाठची पोयट्याची, म्हणजे नदीच्या भुसभुशीत गाळाची जमीन असेल तर तुमचं शंभर टक्के खरं, तिथे निचरा आपसूक होतो. यांची जमीन चोपण्याकडे झुकणारी, पाणी न मुरणारी काळी आहे. पण तुमच्या आक्षेपात दम आहे, म्हणून वर्षाची मांडणी अशी करा: जूनमध्ये वाफा भरायचा, पावसाळी आणि हिवाळी भाजी उंच वाफ्यावर घ्यायची, म्हणजे जुलै ते मार्च. एप्रिल-मेमध्ये उंच वाफे रिकामे ठेवायचे, वर केळीची वाळलेली पानं चार बोटं जाड अंथरून. त्या दोन महिन्यांत ज्याला हौस असेल त्याने कुंपणाकडेच्या सावलीत दोन आळी करून गिलकी, चवळी लावावी. मेमध्ये उंच वाफ्यावर पालक काढून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार, पण त्याच्या पाण्याच्या टाकीलाही नमस्कार.

तापीमाय (११ एप्रिल, दुपारी १:३३)

हे पटलं.

ठिबक_ठिबक (११ एप्रिल, सायंकाळी ६:५०)

पाण्याचा हिशेब कोणी दिला नाही म्हणून देतो. ठिबकच्या गावात राहून झारीने पाणी घालणं बरं दिसत नाही.

८ बाय ३ म्हणजे २४ चौरस फूट, सव्वादोन चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात भरलेल्या पिकाला दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी धरा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तेव्हा वाफ्याला रोज वीसेक लिटर. डिसेंबरात त्याच्या निम्म्याहून कमी.

तीन फुटी वाफ्याला १६ मिलिमीटरच्या इनलाइन नळीच्या दोन ओळी टाका, ड्रिपर फुटाफुटावर, ताशी २ लिटरचे. एका ओळीला आठ, दोन ओळींना सोळा ड्रिपर, ताशी ३२ लिटर. म्हणजे उन्हाळ्यात ४० मिनिटं.

पण हे दाब पुरेसा असेल तर. ड्रिपरचा लिहिलेला प्रवाह साधारण एक किलो दाबाचा असतो, त्यासाठी पाणी दहा मीटर उंचावरून यायला हवं. एकमजली घराच्या टाकीतून जेमतेम ०.४ किलो मिळतो. चालतं, फक्त वेळ वाढतो. एका ड्रिपरखाली पेला ठेवा, पंधरा मिनिटांत किती भरतो ते मोजा, चारने गुणा. कागदावरच्या आकड्यापेक्षा पेला खरा.

गाळणी लावाच. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, महिन्यातून एकदा नळ्यांची शेवटची टोपणं उघडून पाणी सोडून द्या. मातीवर पांढरी साय दिसली तर क्षार वर येताहेत असं समजा. तळ उघडा असेल तर पहिले दोन-तीन चांगले पाऊस ते खाली धुऊन नेतात. मास्तर प्लॅस्टिक नको म्हणाले त्याचं हेही एक कारण.

मेहरूणचं_बोर (११ एप्रिल, रात्री ११:०५)

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं, ओट्याची कल्पना तिला फार आवडली. आईचा हात दीड फूट पोचतो, म्हणजे रुंदी तीनच.

आता भरायचं काय ते सांगा. एक ट्रॉलीवाला "धरणाचा गाळ आणून टाकतो, सोनं आहे सोनं" म्हणतोय. घेऊ का?

गिरणाकाठ (१२ एप्रिल, सकाळी ६:४०)

नको घेऊ. गाळ सोनं आहे ते मुरमाड, हलक्या रानाला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ ला आली तेव्हापासून आमच्याकडे माळावर ट्रॉल्यांवर ट्रॉल्या पडल्या, ज्यांची जमीन हलकी त्यांचं कल्याण झालं. तुझी जमीन आधीच लोण्यासारखी. काळ्यावर काळं घालून काय मिळणार?

आणि मला विचारशील म्हणून आधीच सांगतो, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) वाफ्याच्या तळाला पुरायच्या असतील तर बारीक तुकडे करून आणि थोड्याच. कपाशी निघाल्यावर पऱ्हाटीचे ढीग घराजवळ ठेवू नका असं सगळे सांगतात, त्यांत राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते. शिवाय वाळवीला आमंत्रण. पऱ्हाटी खरी कामाची ती भरताची वांगी भाजायला. गॅसवर भाजलेल्या भरताला भरीत म्हणायचं असेल तर म्हणा.

रावेरकर (१२ एप्रिल, सकाळी ८:२५)

केळीची खोडं कोणी काढली नाहीत अजून? आमच्याकडे घड कापला की खोड बांधावर पडतं. फुकट घेऊन जा म्हटलं तरी कोणी नेत नाही. खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी आणि बाकीत पालाश भरपूर. कोयत्याने वीत-वीतभर तुकडे करायचे, उभे चिरायचे, दोन-चार दिवस उन्हात लोळवायचे आणि वाफ्याच्या तळाला अंथरायचे. वर शेणकाला शिंपडला तर लवकर कुजतात. मात्र एक लक्षात असू द्या, खोड बसतं फार. फूटभर थराचं चार बोटं उरतं. म्हणून बुटक्या वाफ्यात पातळ थर, उंच ओट्याच्या तळाला जाड. तिथे विकतची मातीही वाचेल.

मिरची, टोमॅटो, काकडी, भोपळा लावणाऱ्यांना एक विनंती. तुमचा वाफा कोणाच्या केळीच्या बागेला लागून असेल तर थोडं सांभाळा. केळीवर येणारा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग या पिकांवरही मुक्काम करतो आणि मावा तो इकडून तिकडे नेतो. त्यामुळे बागेत आणि बागेलगत ही पिकं घेऊ नका असंच आम्हाला सांगतात. जळगाव शहरात प्रश्न नाही, पण हा धागा यावल-रावेरचेही लोक वाचत असतील.

खापरावरचे_मांडे (१२ एप्रिल, सकाळी ९:१२)

भारी धागा शे भाऊ. वाची राह्यनू.

माती_मास्तर (१२ एप्रिल, सकाळी ११:००)

मिश्रण सांगतो. फूटभर उंचीच्या ८ बाय ३ वाफ्याला २४ घनफूट माल लागतो. त्यातली निम्मी, म्हणजे १२ घनफूट, वाटेतून काढलेली तुमचीच काळी माती, ढेकळं फोडून. ६ घनफूट नदीकाठचा पोयटा, तो मिळत नसेल तर चाळलेला बारीक मुरूम. ६ घनफूट पूर्ण कुजलेलं शेणखत. वर अर्धा किलो निंबोळी पेंड.

नुसती थोडीशी वाळू काळ्या मातीत मिसळायची चूक लोक हौसेने करतात. त्याने माती मोकळी होत नाही, घट्ट होते. काळ्या मातीला मोकळं करतं ते सेंद्रिय खत, वाळू नाही.

शेणखत कुजलंय की नाही कसं ओळखायचं? मुठीत घेऊन दाबा. शेणाचा वास आला, हाताला चिकटलं किंवा आत गरम लागलं तर अजून वेळ आहे. पावसाच्या मातीसारखा वास आणि चहाच्या चोथ्यासारखा भुगा झाला की घ्या. अर्धवट शेणखतातून हुमणी येते. पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, तोंडाकडे तपकिरी. खत चाळताना दिसली की वेचून काढा. ती मुळं खाते आणि झाड वरून पाणी कमी पडल्यासारखं माना टाकतं, मग माणूस आणखी पाणी घालत बसतो.

चार वाफ्यांना साधारण एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट माल झाला, पण निम्मा तुमच्याच वाटांतून येणार. विकत आणायचं ते पाऊणशे घमेली पोयटा आणि तेवढंच खत. भरताना कडेच्या वर चार बोटं ढीग ठेवा. पहिल्या पावसात तो बसणारच.

साक्रीची_लेक (१२ एप्रिल, दुपारी १२:२०)

खताबरोबर काच आणि प्लॅस्टिक येतंय का तेही बघा. आमच्या एका ट्रॉलीत पेनांची टोपणं, गुटख्याच्या पुड्या आणि एक चमचा निघाला. चमचा चांगला होता. आता ट्रॉली उतरवण्याआधी फावड्याने मधलं खत बाहेर काढून दाखवायला सांगते, वरचं सगळ्यांचं छान असतं.

धुऱ्यावरचं गवत आच्छादनाला आणणार असाल तर त्यावर तणनाशक मारलंय का विचारा. टोमॅटो त्याला फार हळवा, पानं पिळवटून जातात.

मेहरूणचं_बोर (१३ एप्रिल, रात्री ९:३०)

ठरलं. सांगतो, चुकत असेल तर आत्ताच बोला.

स्वयंपाकघराच्या दारासमोर, घराच्या पूर्वेला, एक ओटा-वाफा: दीड फूट उंच, दोन विटांची भिंत, वर फरशी, खाली भोकं. तळाला केळीची खोडं. त्यात पालेभाज्या.

त्यापलीकडे फूटभर उंचीचे तीन वाफे, ८ बाय ३, कोरड्या राखेच्या विटा, मुरमाच्या चरावर. लांबी उत्तर-दक्षिण. एकात वांगी, एकात मिरची, एकात टोमॅटो. कुंपणाला आळी करून गिलकी. वाटा अडीच फूट, उतार सिमेंटच्या कोपऱ्याच्या विरुद्ध बाजूला, कारण तिकडे गटार आहे. सिमेंटच्या कोपऱ्यात खरवडून खतखड्डा. ठिबकच्या दोन ओळी. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) गवंडी येतो म्हणालाय.

अमळनेरी_अभियंता (१३ एप्रिल, रात्री ९:५२)

उतार पाइपाने पाणी सोडून बघा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दहा फुटाला एक-दीड इंच पुरे. बाकी उत्तम.

माती_मास्तर (१३ एप्रिल, रात्री १०:१०)

वांगी, मिरची आणि टोमॅटो ही तिन्ही एकाच घराण्यातली. पुढच्या वर्षी नुसती आपसांत जागा बदललीत तर मातीतल्या मर रोगाला काही फरक पडत नाही. टोमॅटोच्या वाफ्यात हिवाळ्यानंतर मेथी किंवा वाल घ्या आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे भेंडी, चवळी. ओट्यातल्या पालेभाज्याही अधूनमधून बुटक्या वाफ्यात येऊ द्या.

आखाजीनंतर गवंडी म्हणजे रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत वाफे भरून झाले पाहिजेत. भरले की दोन-तीनदा पाणी देऊन बसू द्या, उगवेल ते तण उपटा. घाईने लगेच रोप लावू नका.

रावेरकर (१३ एप्रिल, रात्री १०:३०)

भरताच्या वांग्याचं बी बामणोदकडच्या पाहुण्यांकडून आणून देतो. हिरवट पांढरं, बी कमी, भाजल्यावर साल अलगद सुटतं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण बामणोद-आसोद्याचं बी लोक त्याच्याही आधीपासून जीव लावून सांभाळताहेत. मृग लागला की गादीवाफ्यावर रोप टाका, साधारण पाच आठवड्यांनी लावायला येतं. ही झाडं पसरतात, तीन फुटांवर एक. म्हणजे तुमच्या आठ फुटी वाफ्यात एकाच ओळीत तीन झाडं.

शेंडा अचानक मान टाकताना दिसला तर आत अळी आहे समजा. तेवढा शेंडा खालून कापून जाळा, तिथेच टाकू नका.

मेहरूणचं_बोर (१३ एप्रिल, रात्री १०:४१)

आई विचारतेय, तीनच? ती म्हणते दाटीवाटीने आठ तरी बसतील.

माती_मास्तर (१३ एप्रिल, रात्री १०:४४)

तीन.

गिरणाकाठ (१३ एप्रिल, रात्री १०:५०)

मावशींना म्हणावं, आठ लावाल तर पानं जास्त, वांगी कमी आणि आतल्या अळ्या दिसणारही नाहीत. तीन झाडं नीट जगवली तर हिवाळाभर खाऊन शेजाऱ्यांना वाटाल. उरलेल्या जागेत सुरुवातीचे दीड महिने कांद्याची पात घ्या, वांगी पसरेपर्यंत ती निघून जाते, आणि भरतात घालायलाही तीच लागते.

मेहरूणचं_बोर (१३ एप्रिल, रात्री ११:०२)

आई पातीवर राजी झाली. चौथ्या झाडाची बोलणी चालू आहेत.